एकाच वायरीवर कुणाचा किती हक्क?

वादाला निमित्त झालं ते ४० टक्के या आकड्याचं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रनीशा वेअर, जस्टिन शेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच वायरीवर डेटाचे अनेक प्रवाह एकदम सोडले तर कुणाला किती वाटा मिळतो, हा त्यातला प्रश्न. एक प्रवाह गूगलच्या ‘बीबीआर’ या नव्या अल्गोरिदमवर चालणारा आणि त्याच्यासमोर जुन्या चालीचे प्रवाह, अगदी सोळापर्यंत. समसमान वाटणी झाली असती तर सतरा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के आले असते. बीबीआरने एकट्याने ४० टक्के घेतले. समोरचे वाढले तरी त्याचा वाटा हलला नाही. उरलेल्या ६० टक्क्यांत सोळा जणांनी भागवलं.

शिंदे मॅडमनी सांगलीत उभी हयात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवण्यात घालवली. निखिल त्यांचा विद्यार्थी. आता तो बंगळूरला एका व्हिडिओ कंपनीत आहे आणि तिथल्या सर्व्हरवरून डेटा कोणत्या वेगाने सोडायचा, हेच त्याचं काम. दिवाळीला तो घरी आला होता, तेव्हा मॅडमच्या घरी आम्ही तिघे बसलो. मी मुख्यतः ऐकायला होतो, पण ऐकून माझं जे मत झालं तेही इथे लिहिणार आहे.

“मॅडम, हा ४० चा आकडा सांगितला की लोकांना वाटतं गूगलने दरोडाच घातला,” निखिलने सुरुवात केली. “जुनी चाल काय होती आणि ती बदलावी का लागली, हे आधी सांगा ना.”

“सांगते की. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, दोन्हींमधलं अंतर ४०० यार्ड. त्यांच्यातली जोडणी सेकंदाला ३२ हजार बिट वाहून न्यायची. ती आली ४० बिटांवर. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. म्हणजे सेकंदाला पाच रोमन अक्षरं. कागदावर लिहून चालत नेऊन दिलं असतं तर लवकर पोचलं असतं. वायर तुटली नव्हती, यंत्रं बंद पडली नव्हती. डेटाचं पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवायचा, त्याने गर्दी वाढायची, मग आणखी पॅकेटं हरवायची. व्हॅन जेकबसनने हे बघितलं आणि १९८८ मध्ये मायकल कॅरल्सबरोबर उपाय छापला. हळू सुरुवात करा. पोचपावत्या येतायत तोवर थोडं थोडं वाढवत जा. पॅकेट हरवलं की वेग एकदम खाली आणा. पुढच्याच वर्षी दा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी गणिताने दाखवून दिलं की वाढवताना बेरीज आणि कमी करताना भागाकार, हा एकच नियम सगळ्यांनी पाळला तर कुणी कुणाशी एक शब्द न बोलता सगळ्यांचे वाटे हळूहळू सारखे होत जातात. मधे पोलीस नाही, नोंदवही नाही, हिशेबनीस नाही. इतकी वर्षं शिकवलं, तरी हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.”

वाचकाने इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हा नियम वायरीत नसतो, राउटरमध्येही नसतो. तो पाठवणाऱ्या संगणकात असतो. आपल्या मोबाइलवर व्हिडिओ येताना त्याने कधी पुढे रेटायचं आणि कधी माघार घ्यायची, हे व्हिडिओ पाठवणारा सर्व्हर ठरवतो. आपण ठरवत नाही, आणि ज्याला आपण दरमहा पैसे भरतो तो इंटरनेटवालाही ठरवत नाही. जेकबसनच्या काळात हे चाललं, कारण विद्यापीठांतले बहुतेक संगणक एकाच घराण्याचं सॉफ्टवेअर वापरायचे. सगळ्यांकडे नियम एकच होता, म्हणून वाटणी जमत होती.

“बरोबर,” निखिल म्हणाला. “पण त्या नियमात एक खोट होती आणि ती नंतर उघडी पडली. तो पॅकेट हरवायची वाट बघतो. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि बनवणाऱ्यांनी राउटरमध्ये मोठाले बफर घातले. पॅकेट हरवेचना. रांगेत उभं राहायला लागलं. थांबा, दाखवतोच.”

त्याने लॅपटॉप उघडून मॅडमच्या घरच्या वायफायवर पिंग लावलं, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजायला घेतला. एकेक ओळ खाली सरकत होती: अकरा मिलिसेकंद, बारा, अकरा. मग त्याने मॅडमच्या फोनमधले दिवाळीचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले. पाच-सहा ओळींतच आकडा शंभराच्या वर गेला, मग चारशे, मग सातशे. एकही पॅकेट हरवलं नव्हतं. व्हिडिओ चढवणं थांबवल्यावर दोन क्षणांत पुन्हा बारा.

“या वेळी कुणी व्हिडिओ कॉलवर असतं तर समोरच्याचं वाक्य तुटत तुटत आलं असतं,” तो म्हणाला. “बेल लॅब्जच्या जिम गेटिसला २०१० मध्ये स्वतःच्या घरी हेच दिसलं आणि त्याने त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. नुसता वेग मोजणारी स्पीड टेस्ट मात्र उत्तमच दाखवते, कारण ती खोळंबा मोजत नाही. म्हणून २०१६ साली गूगलने बीबीआर आणला. बीबीआर पॅकेट हरवायची वाट बघत नाही. मार्गातली सगळ्यात अरुंद जागा किती वाहून नेते आणि रांग रिकामी असताना जाऊन-येऊन किती वेळ लागतो, या दोन गोष्टी तो सतत मोजतो. त्यांचा गुणाकार म्हणजे मार्गात मावेल तेवढा डेटा. त्याच्या आसपास राहायचं. आणि मॅडम, हा अल्गोरिदम लिहिणाऱ्यांत जेकबसन स्वतः आहे, हे विसरू नका. यूट्यूबवर लावल्यावर जाण्या-येण्याचा मधला वेळ जगभरात सरासरी ५३ टक्क्यांनी घटला. विकसनशील देशांत ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे आपल्याकडे. याला दरोडा म्हणायचं?”

“मी दरोडा म्हटलेलंच नाही. मी म्हणते वाटणी. तू म्हणालास तो गुणाकार ज्या मोजमापांवर उभा आहे, ती रांगेत दुसरे कुणी असले की बिघडतात. समोरचे रांग भरतायत, त्यात बीबीआरने किती डेटा मार्गात ठेवायचा? त्याने स्वतःला एक कमाल मर्यादा घालून घेतलीय, त्या गुणाकाराच्या दुप्पट. वेअरने काय दाखवलं? स्पर्धा असली की बीबीआर त्या मर्यादेपर्यंत चढतो आणि तिथेच बसतो. ती मर्यादा समोर दोघे आहेत की सोळा हे विचारत नाही. पॅकेट हरवलं की जुना आपला वेग कमी करतो, हा पहिला बीबीआर करत नाही. म्हणून ४०. त्यात लबाडी नाही, हे मी पण मानते. पण परिणाम तोच.”

“तो पहिला बीबीआर झाला. आता तिसरी आवृत्ती आलीय, ती हरवलेल्या पॅकेटांचीही दखल घेते.”

“आणि २०२४ मध्ये जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी ती तपासली. सुधारणा आहे, पण क्युबिक या जुन्या चालीच्या अल्गोरिदमबरोबर न्याय्य वाटणी अजूनही जमत नाही. शिवाय एमआयटीचं २०२२ चं काम घे. वेंकट अरुण, मोहम्मद अलिझादेह आणि आपले मद्रास आयआयटीचे हरी बालकृष्णन. रांग लहान ठेवून एका ठरावीक विलंबापाशी स्थिरावणारे जे अल्गोरिदम आहेत, त्यांच्याबद्दल त्यांनी प्रमेयच सिद्ध केलं. वायफाय किंवा आणखी कशामुळे विलंबात थोडी जरी कमी-जास्त झाली, तरी दोन प्रवाहांपैकी एक उपाशी मरू शकतो. थोडा कमी मिळतो असं नव्हे. उपाशी. पुढची आवृत्ती आली की हे आपोआप मिटेल, असा हा प्रकार नाही.”

इथे निखिलने सूर बदलला आणि मला वाटतं त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडला. “मॅडम, सोळा विरुद्ध एक अशी लढत प्रत्यक्षात होते कुठे? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी, त्यांत स्वतः जस्टिन शेरीसुद्धा आहेत, उलट बाजू मांडली. अल्गोरिदमांच्या झोंबाझोंबीवरून कुणाला किती वेग मिळतो हे आजच्या इंटरनेटवर बहुधा ठरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. का? तुमचा प्लॅन ठरलेला असतो, सेवादाता तिथेच वेग बांधून टाकतो. मोबाइलच्या टॉवरवर प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी असते. आणि व्हिडिओ सलग वाहत नाही; तुकडा येतो, मग काही सेकंद शांतता. माझा व्हिडिओ तुमच्या शेजाऱ्याशी भांडतच नाही. भांडला तर तुमच्याच घरातल्या दुसऱ्या फोनशी.”

मॅडमनी हे नाकारलं नाही. शिक्षक म्हणून त्यांची ही सवय मला फार आवडते. “मुद्दा चांगला आहे. मग कुठे होते ते मी सांगते. आपल्या होस्टेलवर. शंभर मुलं, वर एकच जोडणी, एकच स्वस्तातला राउटर, एकच रांग. एक जण यूट्यूब बघतोय, दुसरा कॉलेजच्या सर्व्हरवरून जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल उतरवतोय. आपल्या कॉलेजच्या सर्व्हरला कुणी हात लावलाय? लिनक्सला विचारलं तर एका शब्दात उत्तर देतं: क्युबिक. लिनक्समध्ये २००६ पासून जे आपोआप येतं, तेच. व्हिडिओ कंपनीकडे तुझ्यासारखी माणसं आहेत, अल्गोरिदम घासूनपुसून ठेवायला. कॉलेजकडे नाहीत. जिल्हा परिषदेकडे नाहीत. ज्याला माणूस ठेवणं परवडत नाही, तो जुना नियम पाळत राहतो आणि रांगेत मागे पडतो. तू म्हणतोस ते बहुतेक घरांना लागू आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे किती? आणि जे त्यात बसत नाहीत ते कोण?”

“ते मोजायला हवं.”

“हां. आता आलास.”

मोजणीचा एक सुंदर नमुना सिंगापूरचा आहे आणि मला तो वाचताना खरोखर आनंद झाला होता. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले आयुष मिश्रा, बेन लिआँग आणि त्यांच्या चमूने इंटरनेटवरच्या अल्गोरिदमांची चक्क जनगणना केली. २०२० साली ती छापली. कोणता सर्व्हर कोणता अल्गोरिदम वापरतो हे तो सांगत नाही. ते वागण्यावरून ओळखावं लागतं. त्यांनी ‘गॉर्डन’ नावाचं एक साधन लिहिलं. सर्व्हरकडून काही तरी मागवायचं, स्वतःच्या बाजूला मुद्दाम अडचण उभी करायची, मधेच पॅकेट गाळायचं, मधेच वेग किंवा विलंब बदलायचा आणि प्रत्येक फेरीला सर्व्हर किती डेटा पाठवायची हिंमत करतो ते टिपायचं. त्या आलेखाच्या चढउतारावरून अल्गोरिदम ओळखायचा. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या २० हजार संकेतस्थळांवर त्यांनी हे केलं. क्युबिक सुमारे ३६ टक्के, बीबीआर आणि त्याचं भावंड मिळून २२ टक्के. पण वाहतुकीच्या हिशेबाने बीबीआरचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त असल्याचा त्यांचा अंदाज. शिवाय अकामाई या कंपनीचा स्वतःचा एक अल्गोरिदम सुमारे सहा टक्के ठिकाणी निघाला आणि नोंद नसलेले आणखीही काही असणार, असं त्यांना दिसलं. सगळे एकाच नियमाने चालतात हे १९८९ चं गृहीतक, ज्यावर च्यू आणि जैन यांचं ते देखणं गणित उभं आहे, कधीचंच सुटून गेलंय.

बीबीआर हळूहळू क्युबिकची जागा घेईल, असं भाकीत त्याच निबंधात होतं. दोन वर्षांनी त्याच गटाने नवं गणित मांडलं आणि उत्तर बदललं. बीबीआरचा फायदा तो वापरणारे थोडे असतात तोवरच मोठा असतो. जितके जास्त जण त्याच्याकडे जातील तितका तो घटतो. एका टप्प्यावर कुणालाच बदलून फायदा उरत नाही आणि दोन्ही एकत्र नांदतात. म्हणजे नॅश समतोल. हे बोलण्यात आलं तेव्हा निखिल खूष झाला. “बघा, आपोआप जुळतंय.”

“समतोल म्हणजे न्याय नव्हे,” मॅडम लगेच म्हणाल्या. “कुणाला बदलावंसं वाटत नाही, एवढंच त्याने कळतं. ज्याला बदलताच येत नाही, तो त्या गणितात कुठे आहे?”

यानंतर बोलणं निखिलच्या रोजच्या कामाकडे वळलं आणि माझ्या मते सगळ्या संध्याकाळचा गाभा इथे होता.

“आम्ही अंदाजपंचे काही करत नाही,” तो सांगत होता. “नवा अल्गोरिदम आला की थोड्या प्रेक्षकांना नवा, बाकीच्यांना जुना. ए-बी चाचणी. व्हिडिओ किती वेळा अडकला, सुरू व्हायला किती वेळ लागला, चित्र किती स्वच्छ होतं, सगळं मोजतो. नवा सरस ठरला तरच पुढे.”

“त्या थोड्यांचा आणि बाकीच्यांचा डेटा एकाच वायरीवरून जातो ना?”

“जाऊ शकतो.”

“मग नव्याने जुन्याचं ओढून घेतलं, तर तुझ्या तक्त्यात काय दिसेल? नवा चांगला, जुना वाईट. वायर तेवढीच. स्टॅनफर्डचे ब्रूस स्पँग आणि नेटफ्लिक्सचे लोक यांनी २०२१ मध्ये नेमकं हेच तपासलं. प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे दोन अल्गोरिदम घेतले. थोड्या प्रवाहांना नवा दिला तर तो १५० टक्के जास्त वेगवान दिसला. बहुतेकांना दिला तर तोच ७५ टक्के हळू दिसला. आणि सगळ्यांना एकच दिला, हा किंवा तो, तर दोघांचा वेग अगदी सारखा! म्हणजे सुधारणा शून्य. फक्त हिसकाहिसकी. नंतर नेटफ्लिक्सच्या प्रत्यक्ष वाहतुकीवरही बघितलं. काही बाबतीत ए-बी चाचणीने फरकाची दिशाच उलटी सांगितली होती. आता सांग, झोंबाझोंबी जर होतच नसेल, तर ही चूक येईल कुठून?”

निखिल थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो निबंध आमच्याकडेही वाचलाय. म्हणून काही वेळा आम्ही अख्खा दिवस सगळ्यांना नवा देतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जुना. पण दर वेळी जमत नाही. वेळ जातो, कामं अडतात.”

“आणि तुमच्या प्रेक्षकांच्या शेजारी जो आहे, तुमचा ग्राहक नसलेला, त्याचं काय झालं ते मोजता?”

“त्याचा डेटा आमच्याकडे येतच नाही, मॅडम.”

“कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत आहे, तो आपल्या उसाचा उतारा मोजतो आणि सांगतो, पाणी भरपूर आहे. मोजणी खरीच असते. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटी, पाणी पोचलं की नाही, ते मात्र त्याच्या उताऱ्यात दिसत नाही. त्यासाठी टेललाच जाऊन मोजावं लागतं.”

“पण बाहेरून मोजणंही वाटतं तेवढं सोपं नाही,” निखिल म्हणाला, आणि हेही त्याचं बरोबर होतं. “एम-लॅब घ्या. २००९ पासून जगभरच्या लोकांच्या वेगचाचण्या ते जमवतात आणि सगळा डेटा खुला ठेवतात. अनेक देशांत गूगलवर स्पीड टेस्ट शोधली की वर यायची ती त्यांचीच. त्यांची चाचणी आधी जुन्या रिनो अल्गोरिदमवर चालायची, मग क्युबिक आला आणि आताची आवृत्ती बीबीआर वापरते. तीच वायर, तोच माणूस, पण आकडा वेगळा. उद्या कुणी दहा वर्षांचा आलेख काढून म्हणेल, बघा इंटरनेट सुधारलं! सुधारणा वायरीत झाली की मोजपट्टीत, कसं सांगणार? शिवाय वेग कमी भरला तर कोंडी नेमकी कुठे आहे, घरात, सेवादात्याकडे की दोन कंपन्यांच्या सांध्यावर, हे नुसत्या वेगचाचणीतून कळत नाही. त्यावर २०१७ मध्येच एक निबंध आलाय.”

“खरंय. पण मोजपट्टी बदलली हे तुला कळलं कसं? त्यांनी सांगितलं म्हणून. कोड खुला, डेटा खुला, कोणता अल्गोरिदम कधी लावला तेही लिहिलेलं. तुमच्या कंपनीच्या मोजपट्टीबद्दल मला काय माहीत आहे?”

यावर निखिलने स्वतःहून जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं देतो. “खरं सांगू? पूर्वी हा नियम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये असायचा. बदलायचा म्हटलं तर वर्षं जायची. आता २०२१ पासून डेटा पाठवायचं ‘क्विक’ हे मानक आलंय. त्यात हे सगळं प्रोग्रॅमच्या आतच असतं. आम्ही मंगळवारी ठरवलं तर बुधवारी कोट्यवधी लोकांकडे जाणारा डेटा वेगळ्या नियमाने वाहायला लागेल. शिवाय क्विकची पॅकेटं जवळजवळ पूर्ण कूटबद्ध असतात, त्यामुळे मधल्या माणसाला फारसं काही दिसत नाही. विलंब मोजता यावा म्हणून एक बिट उघडं ठेवायची सोय आहे, पण ती ऐच्छिक.”

“आणि हे कुणाला विचारून करता?”

“कुणालाच नाही. विचारायचं कुणाला तेही ठरलेलं नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००७ मध्ये आरएफसी ५०३३ हा दस्तऐवज काढला, नवा अल्गोरिदम आणताना काय काय तपासावं ते सांगणारा; २०२५ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. पण ते नुसतं मार्गदर्शन आहे. परवाना कुणी देत नाही.”

परवाना असावा, असं मला वाटत नाही. सरकारी कचेरीने अल्गोरिदम मंजूर करायला घेतले असते, तर गेटिसच्या घरातला तो खोळंबा आजही तसाच राहिला असता. पण सगळ्यांच्या वायरीतले वाटे मूठभर कंपन्या आपापल्या सर्व्हरवर ठरवणार, त्याचा निवाडा त्याच कंपन्या आपापल्या ग्राहकांच्या आकड्यांवरून करणार, आणि ते आकडेही बाकी कुणाला दिसणार नाहीत, ही व्यवस्था मला मान्य नाही. वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुचवलेली कसोटी मला रास्त वाटते. सगळ्यांना काटेकोर सारखा वाटा मिळालाच पाहिजे, असा हट्ट ती धरत नाही. जुना अल्गोरिदम आपल्यासारख्याच दुसऱ्या जुन्याचं जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान नव्याने करू नये, एवढंच ती म्हणते. ही कसोटी लावता येते. मात्र ती लावायला बाहेरचा कुणी तरी सतत मोजत असायला हवा.

“मला विचाराल तर उपाय रांगेतच आहे,” निखिल निघता निघता म्हणाला. “राउटरने प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी केली तर कुणाचा अल्गोरिदम कसाही असो, दुसऱ्याचं ओढता येत नाही. जॉन नेगलने अशा वेगळ्या रांगांची कल्पना १९८५ मध्येच लिहून ठेवलीय. आज ते काम करणारा एफक्यू-कोडेल फुकट मिळतो, ओपन-डब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर घातलेल्या साध्या राउटरवर चालतो. डेव टाट या माणसाने त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. तो २०२५ मध्ये गेला. होस्टेलच्या राउटरवर ते घाला, तुमची शंभर मुलांची अडचण बरीचशी सुटेल.”

“मग पुढच्या सुट्टीत ये आणि घालून दे,” मॅडम म्हणाल्या. “पण आधीचं आणि नंतरचं मोजून. दोन्ही आकडे भिंतीवर लावू.” तो हो म्हणाला.

मी मॅडमच्या बाजूचा आहे. वायर एकाच रांगेतून वाटली जाते अशा जागा आपल्याकडे थोड्या नाहीत: होस्टेल, अभ्यासिका, ग्रामपंचायत, एका जोडणीवर चालणारी शाळा. गॉर्डनसारखी जनगणना संकेतस्थळांच्या बाजूने अल्गोरिदम सांगते. या जागांवर माणसाच्या हाती काय पडतं, हे तिथेच बसून मोजावं लागेल. सिंगापूरच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेबी’ नावाचं नवं साधन आणलं. वाटेत असलेल्या डेटाच्या चढउतारावरून ते अल्गोरिदम ओळखतं, त्यामुळे कूटबद्ध क्विकवरही चालतं. एम-लॅबचा सगळा डेटा कुणालाही तपासता येतो. युरोपातल्या राइप संस्थेचा ॲटलास प्रकल्प जगभर विलंब मोजतो आणि त्याचं सॉफ्टवेअर साध्या लिनक्स संगणकावर चालतं.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत निदान एका गटाला आपल्याच होस्टेलची जोडणी मोजायला लावा: सकाळी, रात्री दहाला आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी. वेग मोजा, गर्दीतला विलंब मोजा, यूट्यूब चालू असताना कॉलेजच्या सर्व्हरवरून फाइल उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. आणि आकडे, पद्धतीसकट, सगळ्यांसाठी खुले ठेवा.